अकरा वर्षं जावावर काम, तरी सर्टिफिकेशन ३ प्रश्नांनी गेलं

पंचगंगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

गेल्या शनिवारी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची, ओरॅकलची जावा एसई १७ प्रोफेशनल डेव्हलपर परीक्षा दिली (वन-झेड-झिरो-८२९). ५० प्रश्न, ९० मिनिटं, पास व्हायला ६८ टक्के लागतात. मला ६२ मिळाले. म्हणजे ३१ बरोबर आले, ३४ हवे होते.

मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात. ११ वर्षं जावाच लिहिते आहे. विम्याच्या दाव्यांची सिस्टिम आहे, रात्री दोनला काही अडलं तर फोन मला येतो. टीममधली सहा मुलं कोड मर्ज करायच्या आधी मला दाखवतात. नव्या क्लायंटच्या प्रस्तावात सर्टिफाइड लोकांची यादी जोडायची होती, मॅनेजरने माझं नाव न विचारताच त्यात घातलं होतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. निकाल आल्यावर दोन दिवस घरी सांगितलं नाही. आई फोनवर दहावीला विचारायची तसंच विचारत होती, "पेपर कसा गेला गं?" बरा गेला म्हटलं.

तयारी तीन आठवडे केली. खरं सांगायचं तर अभ्यासक्रमाची यादी वाचून निम्म्या ओळींपुढे "हे रोजचंच" म्हणून टिक केली आणि पुढे गेले. रिपोर्टमध्ये कुठल्या विषयातले प्रश्न चुकले ते येतं. माझे चुकलेले विषय: मॉड्यूल, लोकलायझेशन, जेडीबीसी (डेटाबेसशी बोलणं), स्ट्रीम्स, आणि चक्क प्रिमिटिव्ह-रॅपर (साधे आकडे आणि त्यांना ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारे प्रकार). यातले शेवटचे तीन मी "रोजचंच" मध्ये टाकले होते.

परीक्षेतले प्रश्न इथे लिहिता येणार नाहीत, तशी सही करूनच बसतो आपण. पण घरी येऊन त्या त्या विषयावर छोटे प्रोग्रॅम स्वतः करून पाहिले, त्यातलं थोडं सांगते.

बाइट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये १० आहेत. b = b + 1 असं लिहिलं तर कंपाइल होत नाही (म्हणजे चालवण्याआधीच्या तपासणीतच अडतं), कारण बेरीज इंट या मोठ्या प्रकारात होते. b += 1 लिहिलं तर बिनतक्रार चालतं, कारण त्या चिन्हात कास्ट, म्हणजे प्रकार बदलणं, आपोआप येतं. अकरा वर्षांत मी दोन्ही लिहिलं असेल. पहिल्याखाली लाल रेघ आली की मुकाट्याने दुरुस्त केलं असेल, आणि का आली हे कधी विचारलं नाही.

स्ट्रीमवर फिल्टर, मॅप, पीक लावलं आणि शेवटी टर्मिनल ऑपरेशन, म्हणजे निकाल काढून देणारी क्रिया, नसेल तर काहीच छापलं जात नाही. हे मला माहीत होतं. पण घाईत वाचताना शेवटची ओळ नाही हे दिसलंच नाही.

लोकलायझेशनचं (भाषेनुसार मेसेज दाखवण्याचं) मात्र खरंच माहीत नव्हतं. समजा प्रोग्रॅमने मराठी-भारत मागितलं आणि मशीनची डिफॉल्ट भाषा इंग्रजी-अमेरिका आहे. जावा आधी मराठी-भारतची फाइल शोधते, मग नुसती मराठी, मग इंग्रजी-अमेरिका, मग इंग्रजी, आणि शेवटी भाषेचं नावच नसलेली मूळ फाइल. इथपर्यंत ठीक. पण मराठीची फाइल एकदा सापडली आणि त्यात एखादा शब्द नसला, तर तो शब्द इंग्रजीच्या फाइलमध्ये शोधला जात नाही, थेट मूळ फाइलमध्ये जातो. तिथेही नसेल तर एक्सेप्शन. आमच्या सिस्टिमचे मेसेज मराठीत आहेत! ते मीच बसवलेत, फ्रेमवर्कच्या भरवशावर.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कामाचा अनुभव असून नापास झालेले इथे कोणी आहे का? आणि पुन्हा बसावं का?

---

रानवारा

पंचगंगाताई, आधी एक. तुम्ही कामात कमी आहात असं या ३१ वरून सिद्ध होत नाही.

मी सात-आठ वर्षं मुलाखती घेतोय. सर्टिफिकेट असलेले बरेच भेटले. फायनली ब्लॉकमधलं रिटर्न ट्राय-मधल्या रिटर्नला गिळतं हे घडाघडा सांगतात, पण लॉग समोर ठेवला आणि "कनेक्शन पूल का संपला असेल?" विचारलं की गप्प. कामात असा कोड कोणी लिहीत नाही, आणि लिहिला तर रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. मग जो कोड लिहायचाच नाही त्याचं आउटपुट तोंडी सांगायची परीक्षा कशाला?

क्लायंटला यादी हवी असेल तर द्या पुन्हा, पण मनाला लावून घेऊ नका.

---

शेवंती

रानवारा, तुमचं म्हणणं नोकरीत असलेल्यांसाठी खरं आहे. माझं ऐका.

मुलगी झाल्यावर सहा वर्षं घरी होते. परत यायचं ठरवलं तेव्हा माझा अनुभव जावा ६ चा, आणि बाहेर सगळे लॅम्बडा ही नवी रचना लिहीत होते. ४० ठिकाणी अर्ज केले असतील, एकाही ठिकाणाहून फोन नाही. तुमच्यासारखा मुलाखत घेणारा लॉग समोर ठेवतो, पण त्याच्या समोरच्या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं? मी जावा ८ ची पहिली पायरी दिली, मग दुसरी. पहिल्या पायरीला एकदा नापास झाले. पास झाल्यावर रेझ्युमेत त्या सहा वर्षांच्या खाली लिहायला एक ओळ मिळाली, आणि तीन आठवड्यांत पहिला फोन आला. त्या फोनवर त्यांनी पहिलं तेच विचारलं, परीक्षा कधी दिली म्हणून.

अभ्यास करताना मला वाटलं होतं की नुसता कागद मिळवतेय. पण मधल्या सहा वर्षांत भाषेत काय काय आलं ते एका जागी, क्रमाने मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

---

मुशाफिर

स्टुटगार्टहून. इथे सरकारी टेंडरांमध्ये माणसांच्या पात्रतेचे रकाने असतात, म्हणून आमच्या कंपनीत सगळ्यांना परीक्षा द्यायला लावतात. आमच्यातले दोन अतिशय हुशार लोक पहिल्यांदा नापास झाले, दोघेही जर्मन, दोघेही पंधरा वर्षांच्या वर अनुभवाचे. कोणी काही म्हटलं नाही, दुसऱ्यांदा बसले आणि झाले. ताई, आईंना सांगून टाका.

---

कोकणकडा

सविस्तर लिहितो, कारण मीही याच दारातून गेलोय.

मी सनच्या (जावा काढणाऱ्या कंपनीच्या) काळातला. तेव्हा या परीक्षेला एससीजेपी म्हणायचे. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि नावं बदलली, मग दोन पायऱ्या झाल्या, आता परत एकच परीक्षा आहे. पण प्रश्नांचा स्वभाव बदललेला नाही. माझ्याकडे तेव्हा चार वर्षांचा अनुभव होता, सोबत बसलेल्या इंजिनीअरिंगच्या पोरांकडे शून्य. ती पास झाली, मी नाही. फार लागलं होतं. आमचे एक सर होते, त्यांनी पेन आणि पाठकोरा कागद पुढे केला, म्हणाले, "हा वीस ओळींचा कोड. संगणक लावू नकोस. हा काय करेल ते लिहून दे." मला अर्धा तास लागला आणि उत्तर चुकलं.

तेव्हा कळलं की मला कोड लिहिता येतो, वाचता येत नाही. कामात आपण लिहितो, चालवतो, चुकलं की बदलतो, पुन्हा चालवतो. कंपायलर आपल्या वतीने वाचत असतो. परीक्षेत त्याच्या जागी तुम्हाला बसवतात. रानवारा म्हणतात असा कोड कोणी लिहीत नाही. बरोबर, मुद्दाम कोणी लिहीत नाही. चुकून लिहिला जातो, आणि तो वाचायचं काम रात्री दोनला ज्याला फोन येतो त्याच्या वाट्याला येतं.

आता पद्धत. मी गेल्या काही वर्षांत ऑफिसातल्या दहा-बारा जणांची तयारी करून घेतली आहे, त्यावरून सांगतो.

प्रश्न आला की आउटपुटच्या मागे लागू नका. आधी हा कोड कंपाइल होतो का ते बघा. पर्यायांमध्ये "कंपाइल होत नाही" असेल तर तिथूनच सुरुवात. फायनल व्हेरिएबलला दुसऱ्यांदा किंमत दिली आहे का, रिटर्न राहिलंय का, ज्या ओळीपर्यंत पोचताच येत नाही अशी ओळ आहे का, चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळलंच पाहिजे असा कंपायलरचा आग्रह असतो) हाताळलंय का, लॅम्बडाच्या आत बाहेरचं बदलणारं व्हेरिएबल वापरलंय का. हे सगळं वीस सेकंदांत नजरेखालून गेलं पाहिजे, आणि ते फक्त सरावाने जातं.

मग व्हेरिएबलचा तक्ता. प्रत्येक नावाला एक रकाना, प्रत्येक फेरीला एक ओळ. लूप डोक्यात चालवायचा नाही.

वेळेचा हिशोब: ५० प्रश्न ९० मिनिटांत म्हणजे एकाला एक मिनिट ४८ सेकंद. मॉड्यूलचे प्रश्न माहीत असतील तर तीस सेकंदांत होतात, तिथे वाचलेला वेळ स्ट्रीम्सना द्यायचा. अडलात तर खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आणि महिनाभर इंटेलिजे (आयडीई, म्हणजे चुका आपोआप दाखवणारं कोड लिहायचं साधन) बंद. साध्या नोटपॅडमध्ये लिहा, कमांड लाइनवर कंपाइल करा, पण एंटर दाबण्याआधी वहीत उत्तर आणि कारण लिहा. कारण चुकलं असेल तर बरोबर आलेलं उत्तरही चूक धरा. जेशेल (जावाच्या सुट्या ओळी चालवून बघायचं साधन) लोक वापरतात, पण जपून: तिथे बरेच इम्पोर्ट आपोआप होतात, अर्धविराम नसला तरी चालतो, चेक्ड एक्सेप्शनची तक्रारही तसं सुटं विधान लिहिलं तर येत नाही. परीक्षेत नेमकं यावरच विचारतात.

---

सह्यवाट

एवढी मेहनत कशाला? डम्प मिळतात, नेटवर शोधा. माझ्या मित्राचं आठवड्यात झालं. पैसे दुसऱ्यांदा वाया घालवू नका एवढंच सांगतो.

---

शेवंती

सह्यवाट, तुमचा हेतू मदतीचा आहे हे मान्य. पण कृपा करून हे इथे सुचवू नका. डम्प म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न. परीक्षेआधी जो करार मान्य करतो त्यात हे स्पष्ट मना आहे, आणि उघडकीला आलं तर मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होतं. शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, मी एकदा एकीच्या हातात पाहिली होती. मॉक टेस्ट वेगळ्या. त्या जरूर सोडवा, कारण प्रत्येक पर्याय का चूक ते तिथे लिहिलेलं असतं.

---

नवा_गडी

मी लातूरचा, बीएस्सी संगणकशास्त्र शेवटचं वर्ष. अनुभव काहीच नाही, तरी विचारतो.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. कोड समजतो, पण प्रश्नाचं इंग्रजी वाक्य मला दोनदा वाचावं लागतं. "पुढीलपैकी कोणते बदल स्वतंत्रपणे केल्यास कोड कंपाइल होईल" अशा वाक्यात मी अडकतो, एकेक करून की सगळे मिळून ते कळत नाही. १०८ सेकंदांतली चाळीस तिथेच जातात. यावर काही उपाय आहे का? की मी आधी इंग्रजीच सुधारू?

---

कोकणकडा

इंग्रजी सगळं सुधारायची गरज नाही. या परीक्षेत प्रश्नांचे साचे दहा-पंधराच आहेत. मॉक टेस्टमधून ते वाक्य-साचे वहीच्या एका पानावर उतरवून घे, प्रत्येकाखाली मराठीत अर्थ लिही. तू दिलेल्या वाक्यात "स्वतंत्रपणे" म्हणजे एका वेळी एकच बदल, बाकीचा कोड जसाच्या तसा. पंधरा दिवसांत ती वाक्यं वाचावी लागणार नाहीत, नुसती ओळखू येतील.

---

पंचगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग परत दे की." एवढंच.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे.

कोकणकडा यांनी सांगितलं तसं रॅपरपासून सुरुवात केली, नोटपॅड आणि वही घेऊन. दोन इंटिजर रॅपरमध्ये १२७ ठेवून == ने तुलना केली तर "सारखे" असं उत्तर येतं, १२८ ठेवले तर "वेगळे" असं येतं. −१२८ ते १२७ पर्यंतच्या ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते आणि तीच तीच परत देते, त्यापुढे दर वेळी नवी ऑब्जेक्ट मिळू शकते, आणि == किंमत बघत नाही, ऑब्जेक्ट तीच आहे का ते बघतं. लाँगलाही हाच नियम. हे मी वहीत लिहिलं आणि हात तिथेच थांबला.

आमच्याकडे काही महिन्यांपासून एक तक्रार होती. रोजच्या यादीत एखादा दावा कधी कधी दोनदा येतो. ऑपरेशन्सची मंडळी हाताने काढून टाकायची. आम्ही डेटाबेसवर, क्यूवर, री-ट्रायवर संशय घेतला, कोडच्या त्या ओळीवर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाऊन पहिलं ते उघडलं. दोन दाव्यांचे आयडी सारखे असतील तर दुसरा गाळायचा, अशी अट होती. आयडी लाँग रॅपर. तुलना == ने.

युनिट टेस्टमध्ये आयडी होते १, २, ३. टेस्ट हिरवी. प्रॉडक्शनमध्ये आयडी सात आकडी, तिथे ती अट एकदाही खरी झालेली नाही. आयडीई त्या ओळीवर पिवळी खूण दाखवत होता, त्या फाइलमधल्या इतर पन्नास पिवळ्या खुणांसारखीच. आणि दीड वर्षापूर्वी त्या बदलाला मंजुरी माझी होती. रिव्ह्यू करणाऱ्यांत माझंच एकटीचं नाव आहे.

== च्या जागी इक्वल्स घातलं, टेस्टमध्ये मोठे आयडी घातले, आधी ती लाल होते हे पाहिलं, मग दुरुस्ती प्रॉडक्शनवर टाकली. ऑपरेशन्समध्ये ज्या ताई रोज सकाळी ती यादी हाताने तपासायच्या, त्यांना जाऊन सगळं सांगितलं आणि माफी मागितली. रोजची वीस-पंचवीस मिनिटं जात होती त्यांची. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं ते तसंच असतं.

रानवारा, तुमच्या पहिल्या प्रतिसादाने त्या दिवशी फार धीर आला होता, ते खरंच. पण आता मला "कामात कमी नाही" असं सरसकट म्हणता येत नाही. कनेक्शन पूल का संपला ते मी सांगू शकते. ही ओळ मात्र मला वाचता आली नव्हती.

---

रानवारा

हे वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही.

आमच्याही रेपॉझिटरीत रॅपरवरचं == शोधलं. तीन जागी सापडलं. दोन निरुपद्रवी, तिसऱ्याचं सोमवारी बघतो.

तरी एका मुद्द्यावर मी ठाम आहे. नोकरी देताना फक्त या कागदावर माणूस निवडू नये, आणि फक्त याच्या अभावी नाकारूही नये. शेवंतींना ४० अर्जांवर एक फोन आला नाही, ही चूक अर्ज चाळणाऱ्यांची. पण मुलाखतीत आता एक बदल करणार आहे: वीस ओळींचा छापील कोड आणि पेन. लॉगही राहील.

---

मुशाफिर

ताई, एक व्यावहारिक प्रश्न. दुसऱ्यांदा देताच आहात तर जावा २१ ची का देत नाही? २१ येऊन बराच काळ झाला (सप्टेंबर २०२३).

---

पंचगंगा

विचार केला होता. २१ मध्ये स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग, रेकॉर्ड पॅटर्न, व्हर्च्युअल थ्रेड वाढतात. पण आम्ही दोन वर्षांपूर्वीपर्यंत जावा ८ वर होतो. स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कला किमान १७ लागतं म्हणून १७ वर आलो, आणि आलो तरी क्लासपाथवरच (जुन्या, मॉड्यूलविना पद्धतीवर) राहिलो, मॉड्यूलना हात लावला नाही. त्यामुळेच मॉड्यूलमध्ये मार गेला. नाव असलेल्या मॉड्यूलला क्लासपाथवरचं काही दिसत नाही, पण क्लासपाथवरच्या कोडला मॉड्यूलने एक्सपोर्ट केलेलं दिसतं, ही एकतर्फी गोष्ट डोक्यात बसायला मला दोन संध्याकाळी लागल्या. रोज जे वापरते तेच आधी नीट वाचायला शिकेन म्हणते. रेकॉर्ड आणि सील्ड क्लासही अजून कच्चे आहेत: कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये this लावून फील्डला किंमत देता येत नाही, हे काल तिसऱ्यांदा चुकलं.

तारीख घेतली आहे, सात आठवड्यांनंतरची. मॅनेजरला यादीतून माझं नाव तूर्त काढायला सांगितलं. त्यांनी काढलं.

टीममधल्या मुलांना सगळं सांगितलं, त्या ओळीसकट. त्यातल्या तिघांनी स्वतःहून विचारलं, आम्ही पण करू का. आता रविवारी सकाळी आमच्याकडे बसतो, आठ ते दहा. लॅपटॉप आणायचा नाही. मी आदल्या रात्री पाच कोड छापून ठेवते. पोहे होतात. ज्यांना जमेल त्यांनी इथेही सोडवा, मी रोज एक टाकेन.

आजचा: ट्राय ब्लॉकच्या आत एकच ओळ आहे, सिस्टिम-आउट-प्रिंटलाइनने "दावा मंजूर" छापायची. खाली कॅचमध्ये आयओएक्सेप्शन पकडलं आहे, आत "चूक" छापायचं. बाकी काही नाही. काय होईल?

---

सह्यवाट

"दावा मंजूर" छापलं जाईल. एक्सेप्शन येणारच नाही तर कॅचमध्ये जाणार कशाला.

---

नवा_गडी

कंपाइल होणार नाही.

---

पंचगंगा

नवा_गडी, बरोबर. पण कारण लिहिलं नाहीस. ते लिही, आणि आयओएक्सेप्शनच्या जागी नुसतं एक्सेप्शन ठेवलं तर काय होईल तेही. सह्यवाट, तुम्हीही बघा.

---

नवा_गडी

आयओएक्सेप्शन चेक्ड आहे. ट्रायमधली ओळ ते फेकूच शकत नाही हे कंपायलरला दिसतं, म्हणून तो कॅच त्याला मान्य नाही. नुसतं एक्सेप्शन ठेवलं तर कंपाइल होईल, कारण रनटाइम एक्सेप्शनही त्याच्याच पोटात येतात आणि ते कुठूनही येऊ शकतात. मग "दावा मंजूर" छापलं जाईल.

वहीत लिहून मग चालवून पाहिलं. तसंच आलं.

---

सह्यवाट

मीही चालवलं. पहिला कंपाइल होत नाही. उद्याचा कोड किती वाजता टाकता?